यूएसडीटी विकल्यावर बँक खातं गोठलं? या चुका टाळा

यूएसडीटी (डॉलरच्या किमतीशी बांधलेले क्रिप्टो कॉइन) विकले, पैसे खात्यात जमा झाले आणि काही दिवसांनी एटीएममधून दमडीही निघेना. बँकेत विचारलं तर उत्तर मिळतं: परराज्यातल्या सायबर पोलिसांनी खातं गोठवायला सांगितलंय. असं बहुतेक वेळा पी-टू-पी, म्हणजे ॲपवरून थेट दुसऱ्या व्यक्तीला कॉइन विकण्याच्या व्यवहारात होतं.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पैसे कोणाच्या नावाने आले हे न पाहणं. ॲपवर खरेदीदार एक आणि पैसे येतात दुसऱ्याच माणसाच्या खात्यातून. ‘भावाच्या खात्यातून पाठवतोय’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात तो ‘भाऊ’ म्हणजे डिजिटल अरेस्टला किंवा बनावट ट्रेडिंग ॲपला फसलेला कुणीतरी असतो. भामट्याला यूएसडीटी मिळतात, तो ते लगेच पुढच्या वॉलेटला पाठवतो आणि लुटीचे रुपये तुमच्या खात्यात उरतात. फसलेल्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस पैशाच्या मागावर थेट तुमच्यापर्यंत येतात. म्हणून नाव जुळत नसेल तर कॉइन सोडूच नका. ॲपवर लगेच तक्रार नोंदवा. बाजारभावापेक्षा जास्त दर देणाऱ्याकडे तर संशयानेच बघा.

दुसरी चूक एक्स्चेंज निवडताना होते. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं क्रिप्टो व्यवहार करून देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. केवायसी, नोंदी जपणं, संशयास्पद व्यवहार एफआययूला (केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला) कळवणं हे त्यांना बंधनकारक झालं. त्याच वर्षी २८ डिसेंबरला एफआययूने बायनान्स, कूकॉइन यांच्यासह नऊ परदेशी एक्स्चेंजना हा कायदा न पाळल्याबद्दल नोटिसा काढल्या. पुढे २०२४ मध्ये बायनान्सला १८.८२ कोटींचा दंड झाला. एक्स्चेंजची एफआययूकडे नोंदणी म्हणजे तुमच्या गुंतवणुकीची हमी नव्हे. पण नोंदणीच नसलेल्या ठिकाणी, किंवा टेलिग्रामवरच्या अनोळखी ‘डीलर’कडे, गरज पडली तर पुरावा कुठून आणणार?

‘मी ३० टक्के कर भरलाय, एक टक्का टीडीएसही कापलाय’ हा बचाव पुरत नाही. कर उत्पन्नावर असतो, पैशाच्या उगमावर नाही.

आणि कमिशनसाठी खातं, सिम, नेटबँकिंग दुसऱ्याला वापरायला देणं ही चूक नव्हे, गुन्ह्यात सहभाग ठरू शकतो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात तीन ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे. कॉलेजातल्या मुलांना यात ओढलं जातंय, त्यांना घरी बसवून हे स्पष्ट सांगा.

खातं आधीच गोठलं असेल तर बँकेकडून लेखी माहिती मागा: तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं, तपास अधिकारी आणि वादातली नेमकी रक्कम. बँक स्टेटमेंट, ऑर्डर क्रमांक, ॲपवरचं चॅट, खरेदीदाराचं नाव आणि ट्रान्झॅक्शन हॅश (कॉइन पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) एकत्र करून त्या अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. फक्त वादातली रक्कम अडवून (म्हणजे त्यावरच लियन ठेवून) बाकीचं खातं मोकळं करा, अशी मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याच धर्तीवर निर्देश दिले होते. चॅट डिलीट करू नका. खरेदीदाराला परस्पर पैसे परत करू नका. ‘खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला तर एक रुपयाही देऊ नका. नोटीस आली तर वकिलाला दाखवून, पण मुदतीतच उत्तर द्या.