डासांतील कीटकनाशक-प्रतिकाराची जनुकीय तपासणी: या चुका टाळा

डास फवारणीला जुमानत नाहीत असे दिसताच पीसीआर करून ‘केडीआर’ (नॉकडाउन रेझिस्टन्स, म्हणजे प्रतिकार देणारे) उत्परिवर्तन शोधायचे आणि ते सापडले की कारण हाती लागले असे समजायचे, ही या कामातली नेहमीची चूक आहे. पायरेथ्रॉइड आणि डीडीटी ही कीटकनाशके चेतापेशींतील सोडियम वाहिनीवर परिणाम करतात. त्या वाहिनीच्या प्रथिनात 1014 व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअॅलनीन किंवा सेरीन आले की या कीटकनाशकांचा प्रभाव घटतो, हे खरेच. परंतु तपासलेल्या सगळ्याच अॅनोफिलीस गॅम्बिये या मलेरिया पसरवणाऱ्या डासांत ते उत्परिवर्तन असेल आणि तरीही काही डास मरत व काही जगत असतील, तर हा फरक त्या उत्परिवर्तनाने स्पष्ट होत नाही. अशा वेळी सायटोक्रोम पी-450 गटातील विकरांचा (एन्झाइमांचा) विचार करावा. ती विषाचे आधीच विघटन करतात, आणि पुष्कळदा त्यांचे केवळ प्रमाण वाढलेले असल्यामुळे एकाच जागेचा बदल पाहणारी चाचणी त्यांना पकडू शकत नाही. डासांना आधी ही विकरे रोखणारे पिपरोनिल ब्युटॉक्साइड देऊन मग कीटकनाशक दिल्यावर मृत्युप्रमाण वाढले, तर या विकरांचा सहभाग संभवतो. मात्र हे रसायन एस्टरेज या दुसऱ्या गटातील काही विकरांनाही रोखते, म्हणून तो निर्णायक पुरावा मानू नये.

एडिस इजिप्ताय या डेंग्यू पसरवणाऱ्या डासामध्ये 1014 ची चाचणी ‘नकारात्मक’ आली म्हणून निश्चिंत होणे तर निव्वळ घाई ठरते. या डासात तो बदल होण्यासाठी कोडॉनमध्ये (एका अमिनो आम्लाचा संकेत देणाऱ्या तीन न्यूक्लिओटाइडांच्या गटात) दोन न्यूक्लिओटाइड बदलावी लागतात, म्हणून तो सहसा होत नाही. त्याच्या बाबतीत 410, 1016 आणि 1534 या जागा तपासाव्यात. हे क्रमांक घरमाशीच्या प्रथिनावरून दिलेले असतात, त्यामुळे डासाच्या स्वतःच्या अनुक्रमात ते जसेच्या तसे शोधू नयेत.

ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट या कीटकनाशकांच्या प्रतिकाराशी निगडित ‘एस-1’ (ace-1) जनुकात विषमयुग्मी (जनुकाची एक संवेदनशील व एक प्रतिकारक प्रत असलेले) डास अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाले, तर प्रयोगशाळेला दोष देण्यापूर्वी जनुकाचे द्विगुणन झाले आहे का ते पाहावे, कारण संवेदनशील आणि प्रतिकारक अशा दोन्ही प्रती एकाच गुणसूत्रावर असू शकतात.

जैवचाचणीच (जिवंत डासांना कीटकनाशकाच्या संपर्कात आणून मृत्युप्रमाण मोजणारी चाचणी) सदोष असेल तर जनुकीय निकालाची सांगड कशाशीच बसत नाही. 3 ते 5 दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या वापराव्यात आणि प्रमाणित नळी-चाचणीत 1 तासाच्या संपर्कानंतर 24 तासांनी मोजणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मृत्युप्रमाण 98 टक्के किंवा अधिक असल्यास डास संवेदनशील, तर 90 टक्क्यांहून कमी असल्यास प्रतिकारक मानले जातात.