सरकारी ॲक्सिलरेटरमध्ये जाण्यापूर्वी हंगामाचा हिशेब कसा मांडावा

आंबा, रातांबे (कोकमाची फळे), काजू किंवा मासळी यांवर आधारलेला उद्योग रत्नागिरी-सिंधुदुर्गात उभा करणाऱ्याने सरकारी निधीच्या ॲक्सिलरेटरचा, म्हणजे नवउद्योगांना ठरावीक काळ मार्गदर्शन व निधी देणाऱ्या कार्यक्रमाचा, अर्ज भरण्यापूर्वी बारा महिन्यांचा एक तक्ता करावा. पैसा कोणत्या महिन्यात लागतो आणि तो कार्यक्रमाकडून कोणत्या महिन्यात हाती येऊ शकतो, हे त्यात शेजारी शेजारी लिहावे.

कार्यक्रमात निवड होण्यापेक्षा हा तक्ता महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. अनुदान एकरकमी मिळत नाही. ठरलेला टप्पा पूर्ण झाल्याचा अहवाल आणि खर्चाचा दाखला दिल्यावर पुढचा हप्ता सुटतो. रातांबे मात्र एप्रिल-मे महिन्यांत पिकतात, पावसाच्या तोंडावर संपतात आणि ते रोखीनेच घ्यावे लागतात. हप्ता जूनमध्ये आला, तर आगळाची (रातांब्याच्या खारवलेल्या रसाची) पुढची चाचणी थेट पुढच्या वर्षी होते. मासळीवाल्यांनी १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी तक्त्यात आधीच दाखवावी. म्हणून करारातील टप्प्यांच्या तारखा सही करण्यापूर्वी हंगामानुसार बदलून मागाव्यात आणि एका हंगामाचे खेळते भांडवल स्वतःकडे ठेवावे.

नंतर नियम वाचावेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेच्या नियमांनुसार नमुना व चाचण्यांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, तर बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंतची रक्कम कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपाने मिळते. दुसऱ्या रकमेची परतफेड करावी लागते किंवा तिचे रूपांतर भागभांडवलात होते, त्यामुळे दोन्हींना सरसकट ‘सरकारी मदत’ समजू नये. स्टार्टअप म्हणून मान्यता आवश्यक असून एकल मालकीच्या व्यवसायाला ती मिळत नाही. अर्जाच्या वेळी संस्थेच्या नोंदणीला दोन वर्षांहून अधिक काळ झालेला चालत नाही. नोंदणीची घाई केली, तर पाककृती जुळवण्यातच ही मुदत सरते. इतर सरकारी योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त आर्थिक साहाय्य घेतले असल्यासही अपात्रता येते, मात्र स्पर्धेतील बक्षिसाची रक्कम त्यात धरली जात नाही. सध्या अर्ज स्वीकारले जात आहेत का, हे योजनेच्या पोर्टलवर पाहावे.

या निधीतून सुविधांची उभारणी करता येत नाही, आणि कोकणात खरी अडचण बहुधा तीच असते. पल्प काढण्याचे यंत्र हीच मुख्य गरज असेल, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेतील ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांचे, कर्जाशी जोडलेले अनुदान अधिक उपयोगी ठरते. ॲक्सिलरेटरचा खरा लाभ प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि मोठ्या खरेदीदारांची ओळख यांत आहे. माल टिकवण्याचा किंवा निर्यातीच्या तपासणीचा प्रश्न अडला असेल, तर तेवढ्यासाठीसुद्धा आत जाणे योग्य आहे.

मुंबई-पुण्याच्या फेऱ्या, अहवाल आणि सनदी लेखापालाचे शुल्क हा खर्चही तक्त्यात लिहावा. इन्क्युबेटर, म्हणजे ज्या संस्थेमार्फत हा निधी मिळतो ती, भागभांडवलात हिस्सा मागतो का, आणि मागत असल्यास किती व कोणत्या अटीवर, हे लेखी घ्यावे. शेवटी, मागील तुकडीतील हंगामी मालाचा एखादा उद्योजक शोधून त्याला दुसरा हप्ता कोणत्या महिन्यात मिळाला हे विचारावे आणि तो महिना आपल्या तक्त्यात भरावा.