लग्नाची क्लिप गावाकडच्या डीव्हीडी प्लेयरवर लावायची असेल तर

एमपी४ फाइल नुसती कॉपी करून डिस्कवर टाकली की गावाकडचे जुने प्लेयर ती बहुतेक वेळा वाचत नाहीत. त्यांना डीव्हीडी-व्हिडिओच्या स्वरूपातलीच डिस्क लागते. ती घरीच, फुकटात होते. दुकानात पैसे मोजायची गरज नाही.

१. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा.

२. नवीन प्रोजेक्टमध्ये ४.७ जीबी आणि पाल निवडा (पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती; एनटीएससी नको, आपल्याकडचे टीव्ही पालचे). डबा टीव्ही असेल तर पडद्याचं प्रमाण ४:३, नाहीतर १६:९.

३. मेनूचं टेम्प्लेट नको म्हणा. हळदीपासून वरातीपर्यंतच्या फाइली ओळीनं खालच्या पट्टीत ओढा. दोन तासांपर्यंत चित्र चांगलं राहतं. त्याहून जास्त कोंबलं की चेहरे पुसट होतात. मग सरळ दुसरी डिस्क घ्या.

४. बर्न दाबल्यावर थेट डिस्क लिहू नका, आधी आयएसओ फाइल (अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) बनवा. मराठवाड्यात लाइटचा काय भरवसा! रूपांतराला तास-दीड तासही लागतो; मध्येच लाइट गेली तर पुन्हा सुरू करता येतं, कोरी डिस्क तरी वाया जात नाही.

५. विंडोजमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा. हे काम काही मिनिटांचंच.

एक सांभाळा: डिस्क डीव्हीडी-आर घ्या, आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) नको. आरडब्ल्यू जुन्या प्लेयरवर बऱ्याचदा अडते. आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवाच.