‘कशावरून?’ विचारायची सवय : नववी-दहावीच्या वर्गासाठी

फळ्यावर ‘चिकित्सक विचार’ असं लिहून खाली व्याख्या दिली की मुलं ती वहीत उतरवून घेतात, पाठ करतात, आणि चिकित्सा तिथेच संपते. त्यापेक्षा एक शब्द पुरे : कशावरून? आठवड्याला एक तास असे सहा-आठ तास दिले तर हा शब्द मुलांच्या तोंडी बसतो.

सुरुवात स्वतःपासून करा. पहिल्या तासाला सांगून टाका, ‘आज शिकवताना मी मुद्दाम एक चूक करणार आहे, ती पकडा.’ चूक पाठ्यपुस्तक उघडून पडताळता येईल अशीच निवडा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चूक तिघींच्या लक्षात आली होती, पण एकीनेही हात वर केला नाही. मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीच्या दाराशी येऊन हळूच सांगितलं. ‘बाई चुकल्या’ म्हणायला मुलांना फार धीर लागतो. आता मी बिननावाच्या चिठ्ठ्या घेते आणि त्या वर्गातच वाचते. दोन-तीन वेळा असं झालं की हात आपोआप वर यायला लागतात.

दुसरा तास प्रयोगाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही बातमी देशभर पसरली आणि देवळांबाहेर रांगा लागल्या. ही हकिकत सांगा, पण वर्गात मूर्ती आणू नका. कुणाच्या घरच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायची नाही. दुखावलेलं मूल विचार करायचं थांबतं. पोळ्याचा मातीचा बैल, प्लास्टिकचं एखादं खेळणं, चमचा, दूध आणि खाण्याचा रंग एवढं साहित्य पुरतं.

आधी प्रत्येकाने काय होईल ते लिहायचं. मग चमचा काठोकाठ भरून, किंचित कलता धरून बैलाच्या तोंडाला टेकवा. दूध कमी होत जातं. आता विचारा, ‘काय पाहिलं?’ वर्ग ओरडतो, ‘बैल दूध प्यायला!’ इथे थांबा. फळ्याचे दोन भाग करा : डावीकडे ‘डोळ्यांनी पाहिलं ते’, उजवीकडे ‘त्यावरून मानलं ते’. डावीकडे फक्त ‘चमच्यातलं दूध कमी झालं’ एवढंच येतं, हे मुलांनाच कळू द्या. मातीने थोडं दूध शोषलं असेल, अशी शंका कुणीतरी काढतंच. मग प्लास्टिकचं खेळणं पुढे करा. तिथेही चमचा रिकामा होतो. शेवटी दुधात रंग घाला. पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ओढीमुळे, दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. रंगामुळे तो ओघळ दिसतो. त्या वेळी शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरूनच हे दाखवलं होतं. उत्तर तुम्ही आधी सांगितलंत तर तास वाया गेला असं समजा.

तिसऱ्या तासाला निकालानंतर चौकात लागतात तशा क्लासच्या फलकाबद्दल बोला. ‘९० टक्क्यांच्या वर २५ विद्यार्थी!’ मुलांनीच प्रश्न काढायचे. एकूण मुलं किती होती, २५ की ५००? त्यांना आठवीत किती गुण होते? क्लास न लावलेल्यांना किती पडले? फलकावर कुणाचे फोटो नाहीत? गणिताच्या शिक्षकांना सोबत घेतलंत तर उत्तम.

मग मोबाइलवरचे निरोप. हा तास गंभीरपणे घ्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ती भिक्षेकरी समाजातली होती. व्हिडिओ दाखवू नका, घटना सांगा. त्या काळात देशभर फिरणाऱ्या, मूल पळवल्याच्या एका चित्रफितीचं मूळ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममध्ये होतं. मुळात मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध राहायला सांगतात. नेमका तो शेवट कापलेला होता. मुलांना चार प्रश्न लिहून द्या : हे पहिल्यांदा कुणी सांगितलं? कुठलं, कधीचं आहे? आधी-नंतर काय कापलं असेल? हे पुढे पाठवून कुणाला इजा होऊ शकते? नंतर प्रत्येकाने घरच्या गटात आलेला एक निरोप आणून त्यावर हे प्रश्न चालवायचे. घरी आजी-आजोबांशी वाद घालायचा नाही, ‘आजोबा, हे कुठून आलं?’ एवढंच विचारायचं, हेही बजावून सांगा.

वादविवाद ठेवलात तर अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलायला लावा. पण आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचं, मगच खोडायचं.

गुण बरोबर उत्तराला देऊ नका. वहीत तीन रकाने आखून घ्या : आधी काय वाटत होतं, आता काय वाटतं, कशामुळे. तिसरा रकाना भरलेला असेल तर पूर्ण गुण, मत बदललेलं असो वा नसो.