साप चावला तर पैशाच्या काळजीत वेळ दवडू नका

गडग्याच्या फटीत, कातळावर, काजूच्या पाचोळ्यात फुरसं असतंच. ते चावलं की घरात पहिली चर्चा गाडीभाड्याची, मग बुडणाऱ्या मजुरीची. त्यात आधी मंत्र, मग गावठी मुळी आणि दवाखाना पार संध्याकाळी. विष भिनतं ते याच तासांत.

म्हणून हे पक्कं ध्यानात ठेवा: १०८ ची गाडी फुकट आहे. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत, सापाच्या विषावरची लसही त्यातच आली. लावणीआधीच जवळच्या दवाखान्यात लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून नंबर पडवीच्या भिंतीवर लिहा. गाडी यायला उशीर होणार असेल तर वाडीतली रिक्षा काढून तिला वाटेत गाठा.

चावलेल्या माणसाला चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज चढली की निघत नाहीत. पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. दोरीने आवळणं, चिरणं, चोखणं नको. साप मारून आणायचीही गरज नाही; नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच.

मण्यारीचा दंश मात्र फसवा. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, ना फारसं दुखत ना सुजत. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं. अशा वेळी खूण शोधत बसू नका, निघा. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली तर हा दंश बऱ्याच अंशी टळतो.

दवाखान्यात २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घालून २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर लस हवी. नळी प्लास्टिकची किंवा साबणाचा अंश राहिलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही. सुरुवातीला ८ ते १० कुप्या सलाइनमधून देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. लस चालू असताना खाज, थंडी, धाप लागली तर सिस्टरना तत्काळ हाक मारा.

मोठी चूक इथून पुढे होते. सूज उतरली, कामाचा खाडा नको, म्हणून लोक सही करून घरी जातात. फुरशाच्या दंशात एकदा गोठायला लागलेलं रक्त पुन्हा पातळ होऊ शकतं, म्हणून ती नळीची चाचणी दर ६ तासांनी करायची असते. डॉक्टर सोडेपर्यंत थांबा. सोबतीला माणसं पाळीने ठेवा म्हणजे एकाचीच मजुरी बुडत नाही.

डायलिसिस किंवा व्हेंटिलेटरसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, आणि पैसे भरण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या या मोफत उपचाराच्या सरकारी योजनेच्या मदतनीसाला, भेटा. घरी आल्यावर लघवी कमी झाली किंवा कोऱ्या चहासारखी काळसर झाली, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच दिवशी परत या.