दंडारीच्या गायकाची कारकीर्द कॅसेटवरून कशी जुळवायची

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईची (दिवाळीनंतरच्या गावजत्रेची) रात्र गाजवणाऱ्या दंडार या लोकनाट्याच्या गायकांची नोंद कागदावर फारशी सापडत नाही. घरात उरतात त्या चार-दोन सी-६० (तासाभराच्या) कॅसेट आणि एखादं जुनं पत्रक. एवढ्यावरही पुष्कळ हाती लागतं.

कॅसेट मिळाली की लगेच वाजवू नका. आधी तिच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी गाणं पुसलं जाणार नाही. फितीवर पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळी ठेवा, नाहीतर टेपरेकॉर्डरमधून बाकीच्यांनाही लागते. चांगली कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे पळवा. चिकटून बसलेली फीत मोकळी होते. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

टेप सेलवर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. विजेची घूं कमी येते आणि मधेच लाइन गेली तरी काम मोडत नाही. स्पीकरपुढे मोबाईल धरू नका, वायर जोडा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल करा. एका कॅसेटला साधारण १ जीबी जागा लागते.

खरी गफलत वेगात होते. टेपचा पट्टा ढिला असला की गाणं रेंगाळतं, सूर उतरतो आणि ऐकणारा म्हणतो, "हे म्हातारपणचं गाणं दिसते." म्हणून गायकाची पेटी घरात असेल तर तिच्याशी सूर ताडून पाहा. सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर वेग चुकला आहे. एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के. गायक कोणत्या पट्टीत गायचा हे पेटीवाल्याला विचारा. दुरुस्ती नकलेवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.

साल थेट विचारलं तर कोणालाच आठवत नाही. "बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?" असं विचारा. पत्रकावरचा जिल्हाही बोलतो. 'जि. गडचिरोली' छापलं असेल तर ते २६ ऑगस्ट १९८२ नंतरचं, 'जि. गोंदिया' असेल तर १ मे १९९९ नंतरचं. उलट मात्र खात्रीनं धरू नका: जिल्हा बदलल्यावरही जुनं नाव सवयीनं छापलं जाऊ शकतं.

प्रत्येक गाण्यापुढे तीन रकाने आखा: कोणी रचलं, कोणी आधी गायलं, कोणाच्या आवाजात गाजलं. अमेरिकेत रिदम अँड ब्लूज या संगीतप्रकाराच्या सुरुवातीच्या काळात रॉय ब्राउननं 'गुड रॉकिंग टुनाइट' हे स्वतः रचलेलं गाणं १९४७ साली रेकॉर्ड केलं. १९४८ मध्ये ते त्याहून जास्त गाजलं वायनोनी हॅरिसच्या आवाजात. तिथे दोघांच्याही तबकड्या आहेत, म्हणून आधी कोण हे सांगता येतं. दंडारीत तबकडी नाही. तो क्रम साथीदारांच्या आठवणीतूनच लागतो, म्हणून ढोलकीवाला आणि पेटीवाला यांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसले की एकाच्या बोलण्याला दुसरा मान डोलावतो. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, कोणाचं कोणतं ते नावानिशी.

फाइलच्या नावात गाव, गायक आणि कॅसेटची बाजू घाला. एक प्रत कुटुंबाला द्या, दुसरी वेगळ्या गावात ठेवा.