ऑफिसच्या फोनमध्ये खरखर, घुंऽऽ आणि एको: दुरुस्ती करताना या चुका टाळा

ऑफिसच्या फोनवर खरखर सुरू झाली की पहिला संशय ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसचे सगळे फोन जोडणाऱ्या मशीनवर जातो. कार्ड बदलायचं ठरतं, कोटेशन मागवलं जातं, कधी कधी नवं मशीनही येतं आणि खरखर जिथल्या तिथे राहते. कारण बहुतेक वेळा दोष मशीनमध्ये नसतोच. तो हँडसेटच्या कुरळ्या कॉर्डमध्ये, फॉल्स सीलिंगमधल्या एखाद्या सांध्यात, चुकीच्या जोडीत किंवा अर्थिंगमध्ये असतो. खिशात हात घालण्याआधी दोनच गोष्टी शोधा: आवाज नेमका कसा आहे आणि तो एमडीएफच्या (सगळ्या तारा जिथे जोडल्या जातात त्या पेटीच्या) कुठल्या बाजूने येतोय.

चूक: आवाज न ऐकताच कामाला लागणं

"लाइन खराब आहे" एवढ्या तक्रारीवर काहीच करता येत नाही. डायलटोन चालू असताना बारीक आवाज झाकला जातो, त्यामुळे आधी लाइन शांत करून ऐका. बाहेरच्या लाइनवर टेस्ट फोन लावून कुठलाही एक आकडा दाबा. डायलटोन तुटतो आणि पुढचे काही सेकंद फक्त लाइनचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. बोलण्याच्या भोकावर तळहात घट्ट धरा, म्हणजे खोलीतला पंखा आणि एसीचा आवाज मध्ये येणार नाही.

एकसारखी खालच्या पट्टीतली घुंऽऽ असेल तर ती ५० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या पटींची. तार हलवली, पाऊस आला किंवा वारा सुटला की वाढणारी अनियमित खरखर म्हणजे ढिला किंवा गंजलेला सांधा. सतत बारीक सर्रर येत असेल आणि त्याच तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँडही असेल, तर स्प्लिटर (फोन आणि ब्रॉडबँड वेगळे करणारी छोटी डबी) नाही किंवा उलटा लागलाय. ईपीएबीएक्सची तार स्प्लिटरच्या फोनच्या तोंडातूनच निघायला हवी. ठेक्यात टर्र-टर्र आवाज येतो तो जवळच्या मोबाइलचा किंवा सिमकार्डवर चालणाऱ्या एफसीटीचा: टूजी नेटवर्कवर मोबाइल सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटक्याने प्रक्षेपण करतो आणि फोनची तार ते झेलते. एफसीटीचा अँटेना लांब केबलवर घेऊन मशीनपासून दोन-तीन मीटर दूर ठेवला की हा त्रास बहुधा मिटतो.

चूक: टोकाकडून टोकाकडे चाचपडत जाणं

आधी व्याप्ती ठरवा. एकाच एक्स्टेंशनला त्रास आहे की सगळ्यांना? आतल्या आत बोलतानाही येतो की फक्त बाहेरच्या कॉलवर? बाहेरच्या कॉलवर असेल, तर प्रत्येक ट्रंक लाइन (टेलिफोन कंपनीकडून मशीनला येणारी लाइन) तिच्या क्रमांकाने निवडून वेगवेगळी तपासा. बहुतेक ईपीएबीएक्समध्ये ठरावीक ट्रंक पकडण्याचा कोड असतो. एवढ्यावरच निम्मं काम होतं. सगळ्या एक्स्टेंशनवर एकाच ट्रंकचा त्रास असेल, तर टेबलावरच्या फोनांना हात लावायची गरजच नाही.

एकाच एक्स्टेंशनचा प्रश्न असेल तर हँडसेटची कॉर्ड दोन्ही टोकांशी धरून हलकेच वळवून बघा. खरखर बदलली तर कॉर्ड बदला, विषय संपला. स्पीकरवर आवाज स्वच्छ आणि हँडसेटवर खराब असेल, तरी दोष कॉर्ड किंवा हँडसेटचाच. तसं नसेल तर शेजारच्या टेबलावरचा चांगला फोन इथे लावा. तरी आवाज येतोय? मग सरळ एमडीएफवर जा.

एमडीएफ म्हणजे भिंतीवरची ती क्रोन मॉड्यूलची (तारा खाचांत दाबून बसवायच्या पट्ट्यांची) पेटी, जिथे एका बाजूला मशीनचे पोर्ट आणि दुसऱ्या बाजूला इमारतीतली केबल येते. डिसकनेक्शन प्रकारचं मॉड्यूल असेल तर त्या जोडीत डिसकनेक्शन प्लग घाला. मधला संपर्क उघडतो आणि दोन्ही बाजू वेगळ्या होतात. आता टेस्ट फोन मशीनच्या बाजूला लावा. तिथे लाइन स्वच्छ असेल तर मशीन निर्दोष, दोष केबलमध्ये. तिथेही घुंऽऽ असेल तर जंपर (पेटीतल्या दोन जागा जोडणारी तार) दुसऱ्या, चांगल्या पोर्टवर हलवून बघा. एका वेळी एकच बदल करा. फोन, जंपर आणि रोझेट (भिंतीवरची फोनची डबी) एकदम बदलले तर आवाज गेला तरी कशामुळे गेला ते कळणार नाही, आणि महिन्याभराने तोच दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे दोन सूचना. डिजिटल की-फोनच्या (मशीनच्या खास बटणांच्या फोनच्या) पोर्टवर साधा फोन किंवा टेस्टर लावू नका. त्या जोडीवर वेगळा सिग्नल आणि पुरवठा असतो, काहीतरी जळू शकतं. आणि उघड्या तारा बोटांनी धरू नका. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतो, पण रिंग येताना ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि तो चांगलाच झटका देतो.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक: जोडी तुटणं

घुंऽऽ का येते हे समजलं की अर्ध्या दुरुस्त्या आपोआप सुचतात. विजेच्या वायरीशेजारून जाणाऱ्या टेलिफोनच्या दोन्ही तारांमध्ये एसीचा अंश शिरतोच, तो थांबवता येत नाही. पण तारा एकमेकींना पिळलेल्या असतील तर दोघींत सारखाच शिरतो, आणि फोनला ऐकू येतो तो फक्त दोन तारांमधला फरक. फरक शून्य, तर आवाज शून्य. हा समतोल ज्याने बिघडतो, त्या प्रत्येक गोष्टीने घुंऽऽ येते: एका तारेतला खराब सांधा, एका तारेची अर्थला गळती किंवा वेगवेगळ्या जोड्यांतली एकेक तार घेऊन बनवलेली लाइन.

हे शेवटचं फार वेळा घडतं. केबलमध्ये पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी अशा जोड्या असतात. काही केबलींत पांढऱ्या तारेवरची रंगीत पट्टी इतकी फिकट असते की आवरण सोलून पीळ उलगडला की कुठली पांढरी कोणाची तेच कळत नाही. मग निळीबरोबर नारिंगीची पांढरी क्रोनमध्ये बसते. मल्टिमीटर कंटिन्यूइटी दाखवतो, फोन वाजतो, बोलणंही होतं. फक्त घुंऽऽ येते आणि शेजारच्या एक्स्टेंशनवरचं बोलणं ऐकू येतं. डीसीच्या कुठल्याच चाचणीत हा दोष सापडत नाही. तो डोळ्यांनी शोधावा लागतो: दोन्ही टोकांना आवरण आणखी चार-पाच सेंटिमीटर सोला, जिथे पीळ शाबूत आहे तिथून रंग ओळखा आणि तारा पुन्हा पंच करा, म्हणजे क्रोनच्या खाचेत दाबून बसवा. क्रोनपर्यंत पीळ शक्य तितका तसाच न्या.

याच कारणासाठी फोनसोबत मिळणारी चपटी चारतारी केबल लांब अंतरासाठी वापरू नये. तिच्यात पीळ नसतो. भिंतीवरच्या रोझेटपासून टेबलापर्यंत ठीक, पण २० मीटर सीलिंगमधून ट्यूबलाइटच्या चोकवरून नेली तर घुंऽऽ येणारच. विजेच्या वायरीला समांतर जायचं असेल तर किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. लिफ्टच्या मोटरची केबल ज्या शाफ्टमधून जाते, तिथून टेलिफोनची तार नेऊच नका. लिफ्ट हलली की फोनमध्ये किणकिण, हे त्याचं ठळक लक्षण.

सांधा शोधायला मल्टिमीटर पुरतो

नुसती बीप ऐकून "तार ठीक आहे" म्हणणं ही पुढची चूक. २०-३० ओहमचा खराब सांधाही बऱ्याच मीटरवर बीप देतो. ओहम मोजा. ०.५ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ८८ ओहम, म्हणजे १०० मीटरच्या जोडीचा लूप साधारण १७ ते १८ ओहम. लाइन दोन्ही टोकांनी मोकळी करा, लांबच्या टोकाला तारा एकत्र जोडा आणि इकडून मोजा.

दोनपैकी कुठली तार खराब आहे हे कळण्यासाठी त्याच केबलमधली तिसरी चांगली तार घ्या. तिघींना अ, ब, क म्हणू. लांबच्या टोकाला तिन्ही एकत्र पिळा आणि तीन मोजमापं घ्या. समजा अ-ब २६ ओहम, अ-क २५ आणि ब-क १७. अ तारेचा रोध म्हणजे २६ अधिक २५ वजा १७, भागिले २, बरोबर १७ ओहम. त्याच रीतीने ब ९ आणि क ८. लांबी सारखीच असताना अ मध्ये आठेक ओहम जास्त आहेत, म्हणजे तिच्यात कुठेतरी सांधा बिघडलाय. मोजताना केबल जागोजागी हलवा. आकडा जिथे नाचेल तिथे तो सांधा.

तारा नुसत्या पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली तक्रार आजच लिहून ठेवणं. जेलने भरलेला यूवाय कनेक्टर वापरा: आवरण न सोलता दोन तारा तळापर्यंत आत सरकवायच्या आणि पकडीने बटण पूर्ण दाबायचं. क्रोनवर तारा स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका, पंचिंग टूलच वापरा. स्क्रूड्रायव्हरने संपर्काची पाती फाकतात आणि मग त्या खाचेत कुठलीच तार घट्ट बसत नाही. एका खाचेत दोन तारा किंवा बारीक धाग्यांची तार बसवली तरी हेच होतं.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाचे चार महिने आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे गळती. लाइन दोन्ही टोकांनी मोकळी करून दोन तारांमधला आणि प्रत्येक तारेपासून अर्थपर्यंतचा रोध मोजा. तो मेगओहममध्ये हवा. काही किलोओहम दिसले तर केबलमध्ये किंवा रोझेटमध्ये पाणी शिरलंय. रोझेट उघडा. स्क्रूवर हिरवट-निळसर पावडर दिसली तर ती पुसून भागत नाही, रोझेट बदला आणि तार काळी न पडलेल्या भागापर्यंत कापून घ्या. मशीनला जोडलेल्या लाइनवर मेगर (जास्त व्होल्टने इन्सुलेशन तपासणारं मीटर) मात्र चुकूनही लावू नका. ५०० व्होल्टने कार्ड जातं.

वळवाच्या विजा चमकून गेल्यावर ट्रंकवर घुंऽऽ सुरू झाली असेल, तर क्रोनवरचं प्रोटेक्शन मॅगझिन (विजेचा झटका अडवणाऱ्या अरेस्टरांचा संच) काढून ऐका. अर्धवट जळालेला अरेस्टर लाइन अर्थला गळवत राहतो. आवाज गेला तर नवं मॅगझिन बसवा. जुनं काढून तसंच सोडलं, तर पुढचा झटका थेट ट्रंक कार्डाला बसतो.

आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या मनोऱ्याजवळ ऑफिस असेल आणि फोनमध्ये बातम्या ऐकू येत असतील, तरी आधी सांधेच तपासा. गंजलेला सांधा डायोडसारखं काम करून रेडिओचा आवाज वेगळा काढतो. सांधे स्वच्छ असूनही बातम्या चालूच राहिल्या, तर फोनच्या कॉर्डवर फेराइटचं कडं किंवा रेडिओ लहरी अडवणारा आरएफ फिल्टर लावा.

अर्थिंग, यूपीएस आणि अ‍ॅडॅप्टर

सगळ्या एक्स्टेंशनवर एकदम घुंऽऽ आली तर केबलच्या मागे लागू नका, मशीनचा पुरवठा बघा. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आपसात जोडून "अर्थिंग दिलं" असं करणारेही भेटतात. ते आवाजासाठी वाईट आणि जिवासाठी धोक्याचं. शील्ड असलेली केबल वापरली असेल तर शील्ड फक्त एमडीएफच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर दोन अर्थमधल्या फरकाचा प्रवाह शील्डमधून वाहतो आणि घुंऽऽ वाढते.

वीज गेल्यावरच आवाज येतो का, हे रिसेप्शनवर विचारून घ्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मशीन चाललं की बोचरी भुणभुण येते. साइन वेव्ह यूपीएसवर ती जाते. फायबरच्या ओएनटीचा (फायबरची लाइन जिथे येते त्या डब्याचा) फोन पोर्ट ट्रंकला जोडला असेल, तर ओएनटीचा अ‍ॅडॅप्टर बदलून बघा.

चूक: आवाज कमी येतो म्हणून गेन वाढवणं

प्रोग्रॅमिंगमध्ये ट्रंकचा गेन (आवाज मोठा करण्याचं प्रमाण) वाढवला की बोलणं मोठं होतं, पण लाइनवरची सगळी घाणही तेवढीच मोठी होते. वर स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ लागतो. हा एको दोन तारांवरून चार तारांवर जाणाऱ्या हायब्रिड सर्किटमधून परततो, आणि लाइनचा इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) कार्डाच्या सेटिंगशी जुळला नाही की वाढतो. आधी गेन मूळ सेटिंगला आणा, मग इम्पीडन्सचे पर्याय एकेक करून त्याच नंबरवर कॉल लावून ऐका. एकीकडचा विलंब २५ मिलिसेकंदांच्या वर गेला की एको कॅन्सलर लागतोच. आयपीवर जाणाऱ्या कॉलमध्ये तो चालू आहे का ते बघा.

एसआयपी ट्रंकवर (इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनवर) घुंऽऽ नसते, आवाज तुटतो. जी.७११ या आवाज पाठवण्याच्या पद्धतीच्या एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट लागतात, त्यामुळे बँडविड्थ क्वचितच अपुरी असते. अडचण असते ती रांगेची: कोणीतरी मोठी फाइल अपलोड करतं आणि आवाजाची पॅकेट मागे पडतात. राउटरवर आवाजाला डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण देऊन पुढे काढा. स्विच आणि फोन दोन्ही ऑटो निगोशिएशनवर (वेग आणि पद्धत आपसात ठरवण्यावर) ठेवा. एक बाजू फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी दोन्हीकडे डेटा) पक्की आणि दुसरी ऑटोवर असेल तर आवाज हमखास तुटतो.

टेलिफोन कंपनीकडे तक्रार करताना

ट्रंक ईपीएबीएक्सपासून पूर्ण काढा आणि कंपनीची तार इमारतीत जिथे शिरते तिथेच साधा फोन लावून ऐका. तिथेही खरखर असेल तरच तक्रार नोंदवा आणि त्यात तसं स्पष्ट लिहा: ईपीएबीएक्स काढून, प्रवेशाच्या जागी, एक आकडा दाबून शांत लाइनवर खरखर ऐकू येते. पाऊस पडल्यावर वाढते का, दिवसाच्या ठरावीक वेळी येते का, हेही लिहा. लाइनमन आल्यावर त्याने बाहेरची जोडी बदलली तर नवा पेअर नंबर जंपर रजिस्टरमध्ये तारखेसह लगेच नोंदवून घ्या.